पश्चात कोणी नाही

१

संपादक वारले ते सकाळी, आणि त्याच दुपारी ते कोपऱ्यावरच्या दुकानात अंगाचा साबण घ्यायला आले.

दुकानदाराची दातखीळच बसली. तासाभरापूर्वी त्यानेच फोनवर 'देवमाणूस गेला, आमचं जुनं गिऱ्हाईक' असं लिहून आसवांची चित्रं डकवली होती. आता ते जुनं गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहून, हा साबण नेहमीचा नाही, म्हणून कुरकुर करत होतं. संपादक रस्ता ओलांडेपर्यंत दुकानदार भानावर आला आणि त्याने त्यांचा पाठमोरा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला.

संपादक म्हणजे सहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या पेपरचे संपादक. पेपर गेला, छापखान्याच्या जागी गाड्या धुण्याचं दुकान आलं, तरी माणूस संपादकच राहिला. पेपरातल्या जुन्या मंडळींनी फोनवर 'सोबती' नावाचं एक पान उघडलं होतं. पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहीना, म्हणून चौघांत मिळून एकच खातं ठेवलं होतं: संपादक, त्यांचा पुतण्या, पेपरचा जुना अग्रलेखक आणि खात्रीबाई. चौघांपैकी कोणीही काही टाकलं तरी खाली नाव एकच यायचं, सोबती. त्या पानावर त्या सकाळी एक चौकट आली. डाव्या बाजूला संपादकांचा फोटो, नजर मजकुराकडे, शर्टाच्या उजव्या खिशाला दोन पेनं. उजव्या बाजूला मजकूर: 'आमचे संपादक आज पहाटे झोपेतच गेले. एक ताठ लेखणी थांबली.' बस्स, एवढंच.

'आत्ताच' नावाच्या बातम्यांच्या पोर्टलने ते उचललं, आणि मग काय विचारता! ज्यांनी जन्मात तो पेपर विकत घेतला नव्हता त्यांनीही एका युगाचा अंत झाल्याचं कळवलं. कोणी संपादकांबरोबरचे जुने फोटो शोधून टाकले, त्यातही आपला चेहरा नीट दिसेल असे. साबणाचं प्रकरण झाल्यावर हीच सगळी मंडळी सूर बदलून 'आत्ताच'वर तुटून पडली. रडायला जमलेली माणसं दगड मारायला तिथल्या तिथे तयार होती.

'आत्ताच' चालवणारी मुलगी दोन दिवसांनी खात्रीबाईंच्या दारात उभी राहिली.

खात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेपरात त्यांनी उभा जन्म बातम्या तपासल्या, आणि प्रत्येक वार्ताहराला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "खात्री केली?" नाव तिथून चिकटलं. आता त्या दोन खोल्यांत एकट्या राहत. सकाळी रेडिओ लावत तो झोपताना बंद करत. ऐकायचं म्हणून नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. कोपऱ्यात जुना घरचा फोन होता, तो महिनोन्‌महिने वाजत नसे. दारावरची बेल वाजली तेव्हाही त्यांना ती शेजारचीच वाटली.

"मी पोर्टल बंद करतेय, बाई," मुलगी उंबऱ्यातच म्हणाली. ही पेपरच्या शेवटच्या वर्षी शिकाऊ म्हणून आली होती. तिची पळापळ बघून सगळे तिला लगबग म्हणायचे. "बंद करायच्या आधी कोणीतरी एकदा माझं ऐकून घ्यावं, म्हणून आले."

"आत तर ये. बस. पाणी पी."

ती बसली, पाणी मात्र प्यायली नाही. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी, असं लिहिलंय लोकांनी. माझ्या आईलासुद्धा पाठवलंय. तीन वर्षं एकटीने उभं केलं हो ते पोर्टल. रस्त्यातले खड्डे, शाळांची गळकी छपरं, काय काय दिलं! तेव्हा कोणी ओळखलं नाही. आता सगळे ओळखतात. आणि मी फोन केला होता, बाई! तुम्हीच शिकवलं होतंत ना, मरणाची बातमी घरी फोन केल्याशिवाय लावायची नाही? मी केला!"

खात्रीबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. का, ते पुढे येईलच.

"कुठे केलास?"

"साहेबांच्या घरच्या फोनवर. नंबर तुमच्याच जुन्या यादीतला. कोणीतरी पुरुषाने उचलला, वयस्कर, बसका आवाज. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मगच बातमी लावली." तिने आपला मोबाइल पुढे केला. केलेल्या फोनची नोंद तिथे होती, दीडेक मिनिट बोलणं झाल्याची. "हे दाखवलं तर लोक म्हणतात, साहेब तिथे एकटे राहतात, तू काय भुताशी बोललीस?"

लोकांचं एरवी चुकत असेल, पण या एका प्रश्नात त्यांचं चुकलं नव्हतं. संपादक जिवंत होते, घरात एकटे होते, आणि त्यांच्याच घरात कोणीतरी फोन उचलून ते मेल्याचं सांगितलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी खात्रीबाई संपादकांकडे गेल्या. किती दिवसांनी, हे त्यांनी जिना चढताना आठवून पाहिलं आणि मग आठवायचं सोडून दिलं.

"ये," संपादक दार उघडून म्हणाले. "बघायला आलीस? हात लावून बघ, गरम आहे."

इस्त्रीचा शर्ट, डाव्या खिशाला दोन पेनं, दाढी गुळगुळीत. घरात बसायचं तरी हा माणूस कचेरीत निघाल्यासारखा तयार. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची खुर्ची खिडकीशी जागच्या जागी होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांची थप्पी होती. संपादकांची आरामखुर्ची खोलीच्या मधोमध. खुर्चीच्या हाताशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या, चष्म्याचं घर आणि काळा टेलिफोन. टेलिफोनची वायर आतल्या खोलीतून पार इथपर्यंत ओढलेली होती, आणि पाय अडकू नये म्हणून तिच्यावर सतरंजीची घडी टाकलेली होती.

"साहेब, त्या सकाळी घरी कोण आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येतंय?"

"किल्ली कोणाकडे असते?"

"एक पुतण्याकडे आहे. तो महिन्यातून एकदा येतो, घड्याळाकडे बघत. का? चौकशी लावलीस की काय माझ्या खुनाची?"

"लगबग म्हणते, तिने इथे फोन केला होता आणि कोणीतरी उचलला."

संपादकांनी टेलिफोनकडे पाहिलं. "हा? हा तर केव्हाच मेलाय. माझ्या आधी." मग दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

"पोर्टल बंद करतेय."

"बंद? कशाला? दोन दिवस ओरडतील आणि विसरतील. आपल्या वेळी नाही का ओरडायचे?"

"आपल्या वेळी लोक पत्र लिहायचे, साहेब. शाई, पाकीट, टपाल एवढं होईपर्यंत निम्मा राग उतरायचा. आता राग आला की अंगठा तिथेच असतो. तिच्या आईला शिव्या पाठवल्यात लोकांनी."

संपादक उठले. "चहा टाकतो," ते म्हणाले आणि आत गेले. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

खात्रीबाईंना राहवलं नाही. एवढा मेलेला टेलिफोन, तर त्याला आतल्या खोलीतून ओढून हाताशी कोण घेईल? त्यांनी हळूच रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आत टोन घुमत होता, खणखणीत.

३

म्हणजे संपादक खोटं बोलत होते. खात्रीबाईंना वाटलं, कोणाला तरी पाठीशी घालताहेत, आणि पाठीशी घालावं असं रक्ताचं माणूस त्यांना एकच होतं.

पुतण्याचं ऑफिस काचेचं होतं. आत माणसं एकमेकांशेजारी बसून एकमेकांना मेसेज पाठवत होती. तिथे तो कंपन्यांसाठी फोनवरच्या जाहिराती करायचा. पेपर बंद पडला तेव्हा 'सोबती'चं पान त्यानेच काढून दिलं होतं.

"मावशी, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"घेतेय," खात्रीबाई म्हणाल्या. "काकांच्या पश्चात ते घर तुलाच. किल्ली तुझ्याकडे. सोबतीचं खातं तू उघडलंस."

पुतण्या चिडला नाही, हसलाही नाही. कामासाठी तो परगावी गेला होता, त्या विमानाचं तिकीट त्याने दाखवलं. चौकट आली तेव्हा तो आकाशात होता, लगबगने फोन केला तेव्हाही. "चौकट आदल्या दिवशी तयार करून ठेवता येते हे मला माहीत आहे, मावशी, माझा धंदाच आहे तो. पण विमानात बसून काकांच्या घरचा फोन कसा उचलू? उतरलो, मोबाइल चालू केला, तर धडाधड सांत्वनं! मला काही कळेना. काकांना फोन लावणार तेवढ्यात साबणाचा फोटो आला. माझी बॅग पट्ट्यावरून तीनदा फिरून गेली तरी मी तो फोटोच बघत होतो."

मग तो एकदम उसळून म्हणाला, "आणि त्या पोर्टलवाल्या मुलीला विचारा हो, 'त्यांच्या पश्चात कोणी नाही' हे तिने कुठल्या तोंडाने छापलं? मी काय मेलोय? लहानपणी शाळेत मला सोडायला कोण यायचं? काकाच ना?"

खात्रीबाईंनी तिथूनच लगबगला फोन लावला.

"मी माझ्या मनाचं काहीच लिहिलं नाही, बाई," लगबग म्हणाली. "फोनवरचा माणूसच तसं म्हणाला. पश्चात कोणी नाही."

खात्रीबाई विचारात पडल्या. पुतण्याने किंवा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने फोन उचलला असता, तर पुतण्याचं नाव पहिलं आलं असतं. घराच्या वारसाने आपणच आपलं नाव कशाला पुसावं?

त्या जायला उठल्या आणि सहज म्हणाल्या, "एक मात्र बरं केलंस, ते रोजचं सुप्रभात बंद केलंस."

'सोबती'च्या पानावर रोज सकाळी एक चित्र यायचं. फूल, पक्षी, बाजूला चांगलासा विचार. सगळे अंगठा दाखवून मोकळे व्हायचे, वाचत कोणी नसे. मरणाची चौकट आली त्या दिवसापासून ते थांबलं होतं आणि त्याची चुटपुट कोणालाच लागली नव्हती.

"मी?" पुतण्या म्हणाला. "मी कशाला सुप्रभात टाकू? मला वाटायचं, तुम्हीच टाकता."

४

उरला अग्रलेख. पेपरचा अग्रलेखक म्हणून नाव अग्रलेख, आणि बोलायचाही तसाच, तीन परिच्छेदांत. संपादकांशी त्याचं शेवटच्या वर्षी फाटलं ते फाटलंच. आता तो ब्लॉग लिहायचा आणि पेपरला कधी नव्हते एवढे वाचक त्याला होते. चौकट आल्यावर तासाच्या आत त्याचा लांबलचक लेख आला होता, संपादकांवर. लोक तो वाचून रडले होते. तासाभरात असा लेख कोणाच्याने होत नाही, हे खात्रीबाईंना चांगलं ठाऊक होतं.

"लेख तयार होता तुझा," त्या दारातच म्हणाल्या.

"होता," अग्रलेख म्हणाला. गबाळ्या घरात तो एकटाच होता. टेबलावर एकच ताट, एकच पेला. "मोठ्या माणसांचे मृत्युलेख आपण आधीच लिहून कपाटात ठेवायचो, विसरलीस? ती सवय. पेपर बंद पडला त्या आठवड्यात लिहिला. मनातलं सगळं लिहिलं. अबोला होता ना, मग ते सांगणार कुठे?"

"त्या सकाळी घरी फोन करून खात्री केलीस?"

"अगं, सहा वर्षांचा अबोला! जिवंतपणी फोन केला नाही तो मेल्यावर करू?" तो खुर्चीत टेकला. "आता पंचाईत अशी, की माझ्या आयुष्यातला सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख हा. काढून टाकू तर लोक म्हणतील, जिवंत झाल्यावर मत बदललं. आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याला, वाचलात का, म्हणून विचारायचीही सोय नाही."

खात्रीबाईंना त्याचं वाईट वाटलं. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि तिथेच थबकल्या. भिंतीवर पेपरच्या शेवटच्या दिवसाचा फोटो होता. चौकटीतला फोटो याच्यातूनच कापलेला, तोच शर्ट, तीच मान. पण इथे संपादक दुसरीकडे बघत होते, आणि पेनं डाव्या खिशाला होती, पुरुषांच्या शर्टाचा खिसा जिथे असतो तिथे.

"हा फोटो कोणीतरी उलटा फिरवलाय," त्या हळूच म्हणाल्या. "मूळ फोटो तसाच लावला असता तर साहेब मजकुराकडे पाठ करून चौकटीबाहेर बघत राहिले असते."

"चेहरा पानाच्या आत बघायला हवा!" अग्रलेख आपसूक म्हणाला. पेपरात शिकाऊ माणसाला पहिला धडा हाच मिळायचा. बाहेर बघणारा चेहरा वाचकाची नजर पानाबाहेर घेऊन जातो. असं पान लागलं की ते कोण टरकावून टाकायचं, हे दोघांच्याही डोळ्यांपुढे आलं.

"फोनवरच्या पोरांना हे सुचायचं नाही," अग्रलेख सावकाश म्हणाला. "म्हणजे तू, मी किंवा..."

"थांब. अजून एक. बातमीत अंत्यविधी कुठे, किती वाजता, काही नाही. मरणाची बातमी अशी अर्धी हातात आली तर तू काय करायचास?"

"घरी फोन करायचो. दुसरं काय करणार?"

दोघांनी मिळून त्या चौकटीखालचा मजकूर चाळला. शोक होता, आठवणी होत्या, कविता होत्या. वर चाळत गेले, खाली चाळत गेले. निरोप द्यायला कधी आणि कुठे यायचं, हे त्या हजारो माणसांतल्या एकानेही विचारलेलं नव्हतं.

अग्रलेखाने फोन उपडा ठेवला. "मी पण नाही विचारलं," तो म्हणाला.

५

संपादकांचा जिना चढण्याआधी खात्रीबाई खालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी मोबाइलवर जुनी सुप्रभातं काढली. पोपट, चिमण्या, बदकं, एक मांजर. विचार उजवीकडे असेल तर पोपट उजवीकडे बघत होता, विचार डावीकडे असेल तर डावीकडे. एकाही पाखराने मजकुराकडे पाठ केलेली नव्हती. वर्षभर रोज सकाळी कोणीतरी एकेका पाखराची मान वळवत बसलं होतं, आणि त्यांनी स्वतः त्यावर न बघता अंगठा दाखवला होता.

त्या वर गेल्या. "साहेब, तुमचा फोन चालू आहे."

"असेल."

"आणि तुम्हीही."

संपादकांनी मान खाली घातली. खात्रीबाईंनी खिसा सांगितला, पाखरं सांगितली, अर्धी ठेवलेली बातमी सांगितली. "पुतण्याने फोन उचलला असता तर स्वतःचं नाव घातलं असतं. परक्याने उचलला असता तर त्यानेही पुतण्याचंच सांगितलं असतं, तुम्हाला पुतण्या आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पश्चात कोणीच नाही, असं सांगणारा माणूस एकच. ज्याला खरंच तसं वाटतं तो."

संपादक तांब्यातलं पाणी प्यायले. मग बोलायला लागले ते थांबेनात.

"मरायची हौस नव्हती गं मला. रोज चित्र टाकायचो, अंगठे यायचे. मध्ये तापाने फणफणलो होतो, तरी पडल्या पडल्या टाकलं. अंगठे तेवढेच! तेव्हा मनात आलं, उद्या मी नसलो आणि चित्र येत राहिलं, तर हे अंगठेही येत राहतील. म्हटलं, बघू या. बातमी मुद्दाम अर्धी ठेवली. जन्मभर ज्यांना शिकवलं त्यातला एक तरी फोन करून विचारेल, काय हो, खरं का? मग मी म्हणणार होतो, शाबास! साफ खोटं!"

"आणि फोन आला."

"आला! काय आनंद झाला सांगू तुला? पहिल्या घंटेला उचलला. आणि पोरगी विचारते, सरांचं वय किती होतं? होतं! खरं का, हे तिने विचारलंच नाही. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. म्हणाली, पश्चात कोण कोण? मी खोलीत इकडे तिकडे बघितलं आणि दिसलं ते सांगितलं. मग म्हणते, एखादा आडवा फोटो मिळेल का?"

खात्रीबाईंना हसू फुटलं आणि पाठोपाठ राग आला. "तिने आवाज कसा नाही ओळखला?"

"शिकाऊंशी मी कधी बोललोय? नुसता ओरडायचो."

"चेष्टा पुरे. तिचं चुकलं, कबूल. पण तिने निदान फोन तरी केला! तो फोन लपवून तुम्ही तिला लोकांपुढे टाकलंत. टेलिफोन मेलाय म्हणालात. ती खोटारडी ठरली आणि तुम्ही इथे चहा टाकत बसलात."

"लाज वाटली," संपादक म्हणाले. "मेल्यावर लोक इतकं गोड बोलले. अग्रलेखाचा तो लेख मी किती वेळा वाचला असेन! पुन्हा जिवंत होऊन खोटारडं ठरायचं जिवावर आलं." मग त्यांनी पहिल्यांदाच खात्रीबाईंकडे सरळ पाहिलं. "तूही हात जोडलेस, बाई. तीन वेळा. 'आत्ताच'च्या बातमीखाली, तुझ्या स्वतःच्या नावाने. मला वाटलं होतं, दुसरं कोणी नाही तरी तू फोन करशील. खात्री केली, हे तुझंच ना?"

हेच ते, लगबग दारात आली तेव्हापासून खात्रीबाईंना टोचत असलेलं.

"रडत होते मी," त्या म्हणाल्या. "फोन हातात घेतला होता. पण करणार कोणाला, साहेब? त्या घरात फोन करावा असं माणूस एकच होतं, आणि तेच गेलं म्हणत होते."

संपादकांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. खिडकीशी वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली बायकोची खुर्ची होती. ते उठले, ती थप्पी उचलून त्यांनी जमिनीवर ठेवली आणि खुर्ची खात्रीबाईंपुढे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "चूकदुरुस्ती लिहू या. तू तपास."

६

चूकदुरुस्ती लहानशी होती, पेपरात पान दोनच्या तळाला यायची तेवढी. माझ्या मरणाची बातमी मीच दिली. 'आत्ताच'ने घरी फोन केला होता. तो मी उचलला आणि मी खोटं सांगितलं. पश्चात कोणी नाही हेही खोटं, मला पुतण्या आहे. खाली सही.

लगबगने ती त्यांच्यासमोर उभ्याने वाचली. ती चिडेल, रडेल, असं दोघांनाही वाटलं होतं. ती चिडली आणि रडलीही, आणि मग नाक पुसत म्हणाली, "यात एक राहिलंय. मी फोन केला, हे खरं. पण 'खरं का' असं विचारलं नाही, दुसरं कोणी आधी लावेल म्हणून घाईत होते. तेही घाला."

"ते घातलं तर लोक तुला पुन्हा बोलतील," खात्रीबाई म्हणाल्या.

"बोलू देत. या वेळी खऱ्या गोष्टीवरून तरी बोलतील."

'आत्ताच'वर ती चूकदुरुस्ती लागली. मरणाची बातमी जितक्यांनी वाचली त्याच्या पासंगालाही ती पुरली नाही. काहींनी संपादकांना चळलेला म्हातारा म्हटलं, बरेच जण नुसता अंगठा दाखवून गेले, आणि गाव पुढच्या भांडणाकडे वळलं. पुतण्या काकांशी आठवडाभर बोलला नाही, मात्र तो अबोलाही त्याने त्यांच्याच घरी जाऊन, समोर बसून धरला. लगबगचं पोर्टल रखडत का होईना, चालू राहिलं. गळक्या छपरांच्या बातम्या पूर्वी वाचायचे तेवढेच लोक अजूनही वाचत होते.

त्यानंतरच्या एका सकाळी खात्रीबाई उठल्या आणि रेडिओ लावायच्या आधी कोपऱ्यातल्या जुन्या फोनकडे गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं: एका बातमीची खात्री करायची होती, आहात ना? त्यांनी संपादकांचा नंबर फिरवला.

फोन एंगेज होता.

त्यांनी चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला आणि पुन्हा फिरवला. एंगेज. लगबग असेल, काहीतरी विचारत असेल. पुतण्या असेल. कोण जाणे, अग्रलेखानेही जीव मुठीत धरून नंबर फिरवला असेल. कोणी का असेना, त्या घरात कोणीतरी संपादकांशी इतका वेळ बोलत होतं. खात्रीबाईंना फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं थोडं आपल्यासाठीच आहे, हेही त्यांना कळलं.

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि नीट बसलाय ना, म्हणून एकदा दाबून पाहिला. रेडिओकडे गेलेला हात मागे घेतला. मग खुर्ची ओढून त्या फोनपाशी बसल्या.